हळू बोलण्याचा आठवडा

मी हळू आवाजात बोलायला लागलो आणि आठवडा संपायच्या आत आमच्या आप्पांनी मरायची तयारी केली. आप्पा म्हणजे माझे वडील. तब्येत ठणठणीत, भूक चांगली, दात स्वतःचे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं ते वाचताना आप्पा तिकडे मरायला निघाले होते, हे लक्षात ठेवायला हवं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझा प्रयोग यशस्वी होतोय.

प्रयोगांचं खूळ मोबाइलमधून आलं. एक माणूस पांढऱ्या भिंतीपुढे बसून सांगत होता की स्वभाव बदलायला जाऊ नका, तो बदलत नाही. एखादी बारीकशी सवय घ्या, आठवडाभर बदलून पाहा, जमली तर ठेवा, नाही जमली तर सोडा. मला हे फार आवडलं. मी तापट आहे असं घरातले म्हणतात. मी तापट नाही, मला फक्त लोकांचा मूर्खपणा लवकर दिसतो. पण आठवड्यापुरतं काहीही करायला माझी तयारी असते, कारण आठवडा संपतो.

सुरुवात डाव्या हाताने दात घासण्यापासून केली. पेस्ट मिशीत गेली, आरशावर गेली, एकदा शर्टाच्या खिशात गेली. दातांना मात्र कमीच लागली. मग घास नीट चावून खाण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक घास पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चावायचा. मी रिंग रोडजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात साड्यांची पार्सलं बुक करतो. तिथे दुपारी सगळ्यांचे डबे खाऊन, धुऊन, पिशवीत गेले तरी मी पहिल्याच भाकरीवर असायचो आणि पार्टी समोर उभी राहून माझ्या जबड्याकडे बघत असायची. बायको म्हणाली, "यापेक्षा म्हैस लवकर उरकते." त्यानंतर रविवारी सकाळी लोचो न खाण्याचा प्रयोग केला. चण्याच्या डाळीचा तो वाफाळता, तेल-शेव घातलेला ढिला गोळा सुरतेत रविवारी कोणी टाळू शकत नाही. मी तो टाळायला म्हणून फिरायला निघालो आणि जिथे वळलो तिथे लोचोची गाडी होती. शेवटी एका गाडीपुढे मी नुसता वास घ्यायला थांबलो. मालकाने न विचारता प्लेट हातात दिली. हातात दिलेलं अन्न परत करणं आमच्यात बसत नाही.

तर असे प्रयोग चालले होते. एक दिवस मुलीची कॉलेजातली मैत्रीण घरी आली. ती दारातच थबकली आणि मुलीला बाजूला घेऊन विचारू लागली, "तुम्हारे यहाँ झगड़ा चल रहा है क्या? मैं बाद में आऊँ?" झगडा वगैरे काही नव्हता. मी आणि बायको भाजी कोणती करायची ते ठरवत होतो.

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात. आप्पा दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून तरुणपणीच सुरतेच्या उधन्याला आले आणि लूमच्या खात्यात लागले. कापड विणायच्या कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. त्या खटखटाटात जन्म काढलेला माणूस बाहेर येतो तेव्हा आवाज बरोबर घेऊन येतो. आप्पा ओरडून बोलायचे, म्हणून आई ओरडून बोलायची, म्हणून मी ओरडून बोलतो. लग्न होऊन आली तेव्हा बायको गरीब आवाजाची होती, आता तीही आमच्यातलीच झाली आहे. सोसायटीत सगळीच घरं खानदेशी आणि खात्यातली, त्यामुळे कोणाला काही वाटत नाही. आमचं घर एकदाच शांत झालं होतं, आई शेवटची आजारी होती तेव्हा.

मैत्रीण गेल्यावर मुलगी माझ्यावर घसरली. "पप्पा, हळू बोला ना थोडं. मला लाज वाटते." ऑफिसातही शेठ मला फोनवर बोलताना ऐकून नेहमी म्हणतात, "धीमे बोल ने भाई, फोन वगर पण सामेवाळाने संभळाशे." म्हणजे फोन नसला तरी पलीकडच्याला ऐकू जाईल. मी म्हटलं, ठीक आहे, पुढचा प्रयोग हाच. आठवडाभर घरातल्या कोणीही आवाज चढवायचा नाही. समोरच्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोलायचं, तोंड फार वासायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. टीव्हीसुद्धा हळू.

बायकोने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मुलगी खूश झाली. आप्पांना मी मुद्दाम वेगळं सांगितलं. ते दारातल्या त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि नियमाप्रमाणे अगदी मऊ आवाजात सगळा प्रयोग समजावून दिला, सवय म्हणजे काय, आठवडाच का, वगैरे. आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, बघा, हळू सांगितलं की माणसाला पटतं. एरवी आप्पांना पटवणं सोपं नाही. मागून हाक मारली तर ते ओ देत नाहीत, फोन हातात घेत नाहीत, आणि नको असलेला विषय निघाला की भलत्याच गोष्टीवर बोलायला लागतात. ताठा आहे तो, असं आम्ही म्हणायचो.

मी टीव्हीचा आवाज इतका कमी केला की बातम्या सांगणारी बाई नुसतं तोंड हलवताना दिसत होती. आप्पांनी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळभर बातम्या पाहिल्या आणि शेवटी म्हणाले, "ही बाई खोटं बोलस." मी बायकोला हळूच म्हटलं, बघ, म्हाताऱ्याने किती पटकन जुळवून घेतलं.

आता रिपोर्टचं सांगायला हवं. आप्पांचे पाय दुखत होते म्हणून त्याच आठवड्यात त्यांचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला. साखर नीट, सगळं नीट, माझ्यापेक्षा चांगलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या कानाशी लागून हे सांगितलं. ती कांदा चिरत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि तितक्याच हळू म्हणाली, "देव पावला." मग मी बाहेर येऊन आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी आम्ही बापलेक एकमेकांना हात लावत नाही, पण हळू बोललं की हात आपोआप खांद्यावर जातो. मी म्हणालो, "आप्पा, समदं ठीक शे." आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

त्यांच्या खुर्चीवरून स्वयंपाकघर सरळ दिसतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा बदलले. भाजीत मीठ कमी पडलं तर ते ताट सरकवायचे, ते बंद झालं. पुढे येईल ते खाऊ लागले. स्वतःचं मनगटी घड्याळ काढून नातीच्या हातात बांधलं. गटारीच्या पाण्यावरून पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्याशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या दारात जाऊन त्याला आपली घडीची खाट देऊन आले. म्हातारा खाट डोक्यावर घेऊन इतका गोंधळला की तीच घेऊन आमच्या दारात आला आणि त्याने मला विचारलं, "का रे, हाई माले का दिधी?" मी त्याला हळू आवाजात सांगितलं की घरात एक प्रयोग चाललाय. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, खाट पुन्हा डोक्यावर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने निघून गेला.

मी भारावून गेलो होतो. लोक डोंगरात जाऊन बसतात, शिबिरं करतात, आणि इथे नुसता आवाज उतरवला तर सत्तरी ओलांडलेला खानदेशी माणूस संत झाला. ऑफिसात मी हे एक-दोघांना सांगितलंसुद्धा. मी इतक्या हळू सांगितलं की त्यांना वाटलं मी उसने पैसे मागतोय.

तिकडे सोसायटीत वेगळंच सुरू झालं होतं. आमच्या घरातून आवाज येत नाही, ही बातमी पसरली होती. आमच्या लोकांत आवाज दोनच कारणांनी उतरतो. घरात कोणी जाणार असेल तर, किंवा गेलं असेल तर. शेजारच्या काकू एका दुपारी खिचडी-कढीचं पातेलं घेऊन आल्या. दारातून आत पाहत बायकोला म्हणाल्या, "काय व्हयनं वं ताई? आप्पासले बरं शे ना?" बायको हळूच म्हणाली, "हो, बरंय की." ती ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजात आजवर कोणी खरं बोललेलं नाही. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांना बसलेलं पाहून समोरच्या घरातल्या दोघी आल्या. मी संध्याकाळी घरी आलो तर हॉलमध्ये बायका ओळीने बसलेल्या, सगळ्यांचे पदर डोक्यावर, सगळ्या कुजबुजत. मधोमध खुर्चीवर आप्पा, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांतल्या कोणाच्या तरी सुनेने जाता जाता त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आप्पांनी तिला आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माले गावले जानं शे."

मला राग आला, पण राग हळू आवाजात काढायचा तर तो रागच वाटत नाही. मी कुजबुजलो, "आता कशाला गावाला? कोण आहे तिथे?" त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बायको भाजी घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि आप्पांची थैली खुंटीवर नव्हती. तिने मला ऑफिसात फोन केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती ओरडली. मुलगी म्हणाली, आजोबा जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेले, तिला वाटलं पान खायला चाललेत. मी शेठना न सांगता उठलो आणि रिक्षाने थेट उधना स्टेशन गाठलं.

बाप हरवला होता आणि तरी मी हळूच बोलत होतो. आठवडा पूर्ण व्हायला अजून संध्याकाळ बाकी होती, आणि माझा एकही प्रयोग तोवर धड पार पडलेला नव्हता. मी तिकिटाच्या खिडकीत वाकून कुजबुजलो, "एक म्हातारे, पांढरं धोतर, दोंडाईच्याचं तिकीट घेतलं का?" खिडकीतला माणूस म्हणाला, "क्या चाहिए, ज़ोर से बोलो." मी पुन्हा तसंच बोललो. मागचे लोक चुळबुळायला लागले. त्याने मला तिकिटाऐवजी हाताने बाजूला व्हायची खूण केली. चहावाल्याने माझं ऐकायला कान पुढे केला आणि न विचारता कटिंग हातात दिला. मी तो पिऊनही टाकला, हातात दिलेला होता म्हणून.

मग मात्र माझ्यातलं काहीतरी तुटलं. फलाटाच्या मधोमध उभा राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आप्पा!"

फलाटावरचे बरेच म्हातारे उठून उभे राहिले. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांची वाट बघणारी ती सगळी खानदेशातली माणसं, सगळे कोणाचे ना कोणाचे आप्पा. थैल्या सावरत, टोप्या नीट करत सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्यात माझे आप्पा नव्हते. एकेक जण हळूहळू पुन्हा खाली बसला. शेवटचा मात्र बसला नाही, जवळ आला.

"तू त्याना पोऱ्या ना?" त्याने आप्पांचं आणि त्यांच्या जुन्या खात्याचं नाव घेऊन विचारलं. तोही तिथलाच होता, मुलाकडे महिनाभर राहून गावी परत चालला होता. "तोंड तेच शे तुनं. तो खातामा गया. समदासले भेटीसन येस म्हने, गाडीले येळ शे." मग आवाज उतरवून, माझा हात धरून म्हणाला, "डाक्टरनी जवाब दिधा म्हने त्याले. तुम्ही घरना लोके सांगतस नही, पन त्याले समजी गयं."

घड्याळ, खाट, बिनमिठाची भाजी, हॉलमधल्या बायका, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. जिवंत, निरोगी माणसाला मी आठवडाभर रोज थोडं थोडं मारत होतो, तेही इतक्या मऊ आवाजात.

खातं स्टेशनपासून लांब नाही. मी पळत गेलो. लहानपणी आप्पांचा डबा द्यायला यायचो तेव्हा होतं तसंच ते होतं, पत्रे तेवढे नवीन. दाराच्या आत पाय टाकला की लूमचा आवाज छातीवर येतो. कान तिथे कामाचा राहत नाही. आणि त्या आवाजात, बॉबिनांच्या एका रिकाम्या खोक्यावर, थैली पायाशी ठेवून माझे आप्पा बसले होते. ते हसत होते. पार पलीकडच्या भिंतीशी लूमवर उभा असलेला एक म्हातारा कारागीर त्यांना काहीतरी सांगत होता, आणि आप्पा इकडून उत्तर देत होते. मधल्या कारागिरांपैकी एकजण मध्येच आपलं घुसवत होता. कोणाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. निघाला असता तरी उपयोग नव्हता. खात्यात असंच बोलतात. तोंड मोठं उघडायचं, प्रत्येक अक्षर ओठांवर नीट मांडायचं, हाताची जोड द्यायची, आणि समोरच्याने ते डोळ्यांनी घ्यायचं.

मी मागून हाक मारली, अर्थातच काही झालं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली तेव्हा आप्पा वळले. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. मी धापा टाकत सांगायला लागलो की रिपोर्ट चांगला आहे. आठवड्याच्या सवयीने माझे ओठ जेमतेम हलत होते. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात वर केला.

"तोंड उघड," ते ओठांनी म्हणाले. "तोंडमा काय कोंबेल शे?"

मग मी तोंड उघडलं. आवाज न काढता, लहानपणी डबा देताना बोलायचो तसं, एकेक अक्षर ताणून मी म्हणालो, "रिपोर्ट चांगला शे. तुमले काहीच व्हयेल नही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "मंग मरेलना घरमा बोलतस तसं का बोलतस तुम्ही?"

"तो प्रयोग व्हता. मी सांगं व्हतं तुमले, शेजारे बसीसन."

"माले ऐकू नही उनं."

"रिपोर्टनं पन सांगं व्हतं."

"तेबी नही उनं."

बिनआवाजाचा टीव्ही आठवला. मागून मारलेल्या हाका आठवल्या, न घेतलेले फोन आठवले. आम्ही ज्याला ताठा म्हणत होतो तो माणूस आमच्या उघड्या तोंडांकडे बघून संसार चालवत होता, आणि आम्ही ओरडतो म्हणून त्याचं चाललं होतं. आवाजामुळे नाही. ओरडताना तोंड उघडतं म्हणून. मी विचारलं, "आप्पा, कधीपासून ऐकू येत नही?"

त्यांनी बोटाने खाली जमिनीकडे दाखवलं. "आठे येस ना," ते म्हणाले. "आठे माले समदं ऐकू येस."

मला रडू आलं. मी ते लपवायला तोंड फिरवलं तर काय, ओळीतले सगळे कारागीर आमच्याकडे बघत होते. खात्यात कोणाचं बोलणं खासगी राहत नाही, दिसतं तिथवर ऐकू जातं. बापलेकांचं सगळं बोलणं पार टोकाच्या लूमपर्यंत पोचलं होतं. पलीकडचा म्हातारा मला ओठांनी म्हणाला, "तुमले माहीत नव्हतं?" आश्चर्य त्याला आप्पांच्या बहिरेपणाचं नव्हतं. त्यात काय, तिथे अर्धे तसेच आहेत. त्याला आश्चर्य आमचं होतं. मग त्याने हाताने आम्हाला बाहेरची वाट दाखवली, म्हणजे घेऊन जा याला, धागा तुटतोय माझा.

बाहेर उन्हात आल्यावर मी थैली घेतली आणि रिक्षा बघू लागलो. आप्पा म्हणाले, चालत जाऊ. ते पुढे आणि मी बाजूने चाललो. मी काहीतरी बोललो, त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा मी पुढे जाऊन त्यांच्याकडे तोंड केलं आणि उलटा चालायला लागलो. उधन्याच्या रस्त्यावर भरदुपारी, टेम्पो, हातगाड्या आणि न रंगवलेल्या ग्रे कापडाचे तागे लादलेल्या सायकली चुकवत, मी मागे मागे पावलं टाकत बापाशी बोलत होतो. आप्पा मला हाताने वळवत होते, डावीकडे गाय आहे, मागे खड्डा आहे. एक रिक्षावाला ओरडला, "दिमाग खराब है क्या, सीधा चल." एका हातगाडीला मी पाठीने धडकलो. हातगाडीवाला गुजरातीत माझ्या सात पिढ्यांपर्यंत गेला. आप्पांना ते सगळं कळलं, तो त्यांच्या समोरच उभा होता.

मी त्यांना रिपोर्टमधलं सगळं सांगितलं. कांद्याचं सांगितलं, काकूंच्या खिचडीचं सांगितलं. खाट परत मागायची का विचारलं, ते म्हणाले राहू दे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर त्यांनी बघू म्हणून टाळलं. मग ते माझ्या ओठांकडेही बघत नव्हते, खाली रस्त्याकडे बघत चालले होते. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची म्हणून थांबलो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तुनी माय," ते म्हणाले, "शेवटले माले रोज काहीतरी सांगे. तिनं तोंड हालेच ना. मी नुसता मान हलाडू. काय सांगे रे ती?"

ते दिवस मला चांगले आठवत होते. आई हॉलमधल्या पलंगावर होती, तिचा आवाज खोल गेला होता. आप्पा तिच्या उशाशी बसून राहायचे आणि ती काही म्हणाली की मान हलवायचे. नवराबायकोचं काही बोलणं चाललंय म्हणून आम्ही सगळे खोलीतून उठून जायचो. पण मी औषध द्यायला जायचो तेव्हा कानावर पडायचं. ती रोज एकच विचारायची.

मी फाटकाच्या आडव्या दांड्याला पाठ टेकून उभा राहिलो, तोंड मोठं उघडलं आणि तिचं वाक्य त्यांना दाखवलं. "ती विचारे, जेवनात का?"

आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं कळलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणालो.

"नही," ते म्हणाले. "मी जेवेल नव्हतू." ते इतक्या मोठ्याने म्हणाले की फाटकापाशी थांबलेल्या सगळ्या लोकांनी वळून पाहिलं.